दुपारची गोळी

शेळगाव, ता. इंदापूर
१२ नोव्हेंबर २०२५

ती. ज्योत्स्नाताईस,
सुयशचा सविनय जयभीम. वि. वि.

मोबाईल मी भिंतीवर आपटला हे तुला कळलंच असेल, आणि शेजाऱ्यांच्या फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून पत्र. ज्ञानेश रोज दुधाची पिकअप घेऊन बारामतीला येतो, त्याच्या हाती देतोय. त्याला चहा पाज.

आबा तुझ्याकडं गेल्यापासून घर खायला उठतं. हॉस्पिटलात तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, आबा पडले तेव्हा तू कुठं होतास. घरीच होतो. मोरीत शेवाळ होतं, पाय सरकला, एवढंच. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. गोळ्या वेळेवर दिल्या का म्हणाले, तर हो म्हणालो, तिन्ही. कंपवाताचं माणूस कधी ना कधी पडतंच. मी बीएस्सी अर्ध्यात सोडली म्हणून घरातल्या सगळ्या चुका माझ्याच नावावर लावायच्या असतील तर लावा.

आबांच्या कपाळाचे टाके कधी निघणार? त्यांना सांग, ऊसतोडीची टोळी पुढच्या आठवड्यात येतीय. सृष्टीला पापा.

भांडण बाजूला ठेव, माया तेवढी राहू दे.

तुझा,
सुयश


बारामती
१४ नोव्हेंबर

चि. सुयश यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. ज्ञानेशला चहा पाजला, त्यानं अर्धा पुडा खारीही संपवली. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे. राग आला की वेलांट्या ओळीबाहेर पळतात.

टाके सोमवारी निघतील. काळजी त्याची नाही. पडल्यावर आबांना आणलं तेव्हा उभं केलं की त्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरत होतं आणि मान-हात आपोआप वळवळत होते. डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या डोसवर असं होत असेल तर तो डोसच यांना जास्त होतोय. म्हणून तिन्ही वेळच्या गोळ्या अर्ध्यावर आणल्या. त्याला पाच दिवस झाले. आबा लाकडासारखे झालेत रे. कुशीवर वळवायला आम्ही दोघं लागतो. चहा ओठातून गळतो. काल सृष्टीनं त्यांचा हात धरला, तर तिचा हात सोडवायला त्यांची बोटं उघडेनात. पोरगी रडली, आणि तिच्यापेक्षा जास्त आबा.

डॉक्टरांना फोन केला. त्यांना डोस लगेच वाढवायचा धीर होत नाही. परत पडले तर, म्हणतात. पडल्या दिवशी नेमकं काय झालं ते त्यांना परत विचारायचंय. पाकिटातल्या गोळ्या मी दोनदा मोजल्या. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच आहेत, त्यामुळं तुझ्यावर संशय घ्यायला मला जागा नाही. पण तुझे दाजी म्हणतात, त्या शनिवारी दुपारी त्यांनी तुला इंदापूरच्या स्टँडवर बघितलं. तुझ्या त्या संस्कृतीची बस आली का अखेर? चेष्टा करतेय, पण उत्तर दे. सोमवारच्या आत दे.

आबांना भरवायची वेळ झाली म्हणून एवढंच. जेवत जा.

तुझी,
ताई


शेळगाव
१५ नोव्हेंबर

ताई,

मायना लिहायला हात होत नाही. ज्ञानेशला दारात थांबवून लिहितोय. हे वाचलं की आधी डॉक्टरांना फोन कर, मला शिव्या नंतर घाल.

शनिवारी आबांची दुपारी बाराची गोळी मी दिलीच नाही. संध्याकाळी सहाला दोन एकदम दिल्या. आबा नेहमीच्या डोसनं पडले नाहीत, माझ्या त्या दोन गोळ्यांनी पडले. मोरी कोरडी ठणठणीत होती.

दाजींनी मला बघितलं, मीही त्यांना बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. संस्कृतीच्या घरी तिचं लग्न ठरवायचं चाललंय. तिच्या भावानं, इंद्रजितनं, तिचा फोन काढून घेतलाय. मैत्रिणीकडून निरोप आला होता, अकराच्या गाडीनं येते म्हणून. चारपर्यंत बसलो. आली नाही. बाराला गोळीची आठवण झाली नाही असंही नाही. झाली होती. एवढी गाडी बघू म्हटलं, मग पुढची.

घरी आलो तर आबा खुर्चीत वाकून बसलेले. पाण्याचा तांब्या हातभर अंतरावर, पण हात तिथवर जाईना. सकाळपासून तहानले होते का विचारायचीही मला लाज वाटली. तू म्हणशील दोन कशा दिल्यास. लाईट नसली आणि उसाची पाण्याची पाळी चुकली की दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ मोटर चालवून आपण भर काढतो. मला वाटलं, गोळीचं तसंच असणार. दुपारची भर सहाला काढली. तू मोजल्यास तेव्हा गोळ्या बरोबर भरल्या त्या अशा.

तासाभरानं ते उठले, अंधारी आली, आणि कपाळ ओट्याच्या कडेवर. तो आवाज आला तेव्हा मी अंगणात होतो, संस्कृतीचा बंद नंबर परत परत लावत होतो. गावाला वाटतं मोबाईल मी तिच्यावर चिडून फोडला. आबांना उचलून, गाडीला फोन करून झाल्यावर फोडला.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नुसतं हो म्हणालो. त्या एका हो म्हणण्यापायी आबा पाच दिवस लाकूड होऊन पडलेत. सृष्टीला काय सांगू ते तूच ठरव.

माया राहू दे म्हणायची हिंमत नाही.

सुयश


बारामती
१९ नोव्हेंबर

चि. सुयश,
जयभीम.

पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या फोन लावला. डॉक्टरांनी सगळं परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, हे आधी कळलं असतं तर मी डोसला हात लावला नसता. त्याच संध्याकाळपासून आधीचा डोस सुरू झाला. सोमवारी टाके काढले, झोपवून आणि उभं करून दोन्ही ब्लडप्रेशर बघितलं, ठीक आहे. काल आबा भिंतीला धरून अंगणापर्यंत गेले. अंथरुणावरनं झटक्यात उठायचं नाही, आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, असं त्यांना बजावलंय.

गोळी चुकली तर आठवल्यावर लगेच द्यायची. पण पुढच्या गोळीची वेळ होत आलेली असेल तर चुकलेली सोडायची आणि ठरल्या वेळी एकच द्यायची. भर काढायची नाही. आपल्या मनानं कमीही करायची नाही आणि बंद तर मुळीच नाही, फोन करून विचारायचं. हे सगळं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, तो पाठवतेय. कपाटाच्या दारावर चिकटव.

तू संस्कृतीसाठी स्टँडवर बसलास त्याचा मला राग नाही. माझ्या लग्नाआधी तुझ्या दाजींनी काय कमी स्टँड झिजवले. राग त्या हो म्हणण्याचा आहे आणि तो इतक्यात जाणार नाही, तू वाट बघू नकोस.

आबांना मी काही सांगणार नव्हते. तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं, ते त्यांनी वाचलं. मग पेन मागितलं. पाच ओळींना अर्धा तास लागला. अक्षर मुंगीएवढं झालंय, उन्हात धरून वाच.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


चि. सुयश,

दोन गोळ्या हातावर आल्या तवा मला दिसल्या होत्या. येक जास्त हाय म्हणून इचारनार होतो. सकाळी शर्टाची बटनं लावाया येळ लागला तवा तू वरडला होतास. परत वरडशील म्हणून गिळल्या. मला घरी यायचं हाय. पर इचारायला भ्या वाटाया नगं.

आबा


शेळगाव
२० नोव्हेंबर

ती. आबांस,
सविनय जयभीम.

तुमची चिठ्ठी उन्हात धरली, तरी दोन शब्द लागायला वेळ लागला. शेवटची ओळ मात्र एका झटक्यात लागली. काल उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. आज परत बसलोय.

गोळीचं मला माहीत नव्हतं असं डॉक्टरांना सांगता येईल. मी ओरडतो हे तर मला माहीत होतं, आबा.

रविवारी न्यायला येतो. कागद चिकटवलाय. बाराला मी घरी नसलो तर सारजाकाकू गोळी देईल, शेजारीच आहे, तिला कागद वाचून दाखवलाय. संस्कृती मनातून गेली असं लिहिलं तर तेही खोटंच होईल, म्हणून लिहीत नाही.

गोळी हातावर आली की तुम्ही विचारायचं, किती, कुठल्या वेळची. रोज, तिन्ही वेळा. माझा आवाज चढणार नाही अशी शपथ घेत नाही, तुम्ही मला ओळखता. चढला तर मूठ मिटा आणि परत विचारा. मी उत्तर देईपर्यंत गिळू नका. पाणी घेऊन समोरच उभा असेन.

तुमच्या विचारण्याची वाट बघणारा,
सुयश