तुंदुक मी उचलणार

सादिरकुल भावजी,

तुम्ही मेंढ्या आणायला गेलात तेवढ्यात गाडी आली, म्हणून ह्यांना दवाखान्यातून घरी आणायला मी पुढे जाते. चहा थर्मासमध्ये आहे, उपाशी राहू नका.

अंत्यदर्शनासाठी ह्यांना ठेवायचा तंबू अंगणात उभारायला घ्या. पण माथ्याचं लाकडी कडं, तुंदुक, कुणालाही उचलू देऊ नका. ते मी उचलणार. विधवेनं आत बसून रडायचं असतं, हे मला कुणी शिकवू नये. तुंदुक वर गेलं की बसेन, आणि रडेन.

पन्नाशीत वजनं उचलायला लागले तेव्हा तुम्ही हसला होतात, "काय वहिनी, कुस्तीत उतरताय की काय?" अहो, ह्यांना चार पावलांत धाप लागायची, आणि उन्हाळ्यात कुरणावर तंबूत राहायला तर जायचंच होतं. मग तिथे तुंदुक कोण उचलणार होतं? सुरुवातीला शाळेच्या व्यायामशाळेत नुसत्या दांड्यानंच माझे हात लटपटायचे. बर्फ वितळेपर्यंत त्याच दांड्याला दोन्हीकडून मोठ्या चकत्या चढल्या. गेला महिनाभर तर मी इथे अंगणातच तुंदुक काठीवर तोलून उभी राहत होते. हे खिडकीतून धापा टाकत ओरडायचे, "जरा डावीकडे घे गं!" सरळ असलं तरी ओरडायचे.

आज खिडकीपाशी तुम्ही उभे राहा. सरळ असलं तरी ओरडा.

तुमची वहिनी,
बुरुलचा