पाच गळांचा गुच्छ

बाबा, परवा तुमचा गळांचा डबा उघडला आणि मला माझीच किळस आली. आत शिशाचे गोळे, दोरीची रिळं आणि ते सुटे गळ. कारखान्यातून आल्यावर जबलपुरात रांझीतल्या क्वार्टरच्या पायरीवर बसून तुम्ही कानशीने त्यांचे उलटे काटे घासून टाकायचात. महाशीर मासा धरायचा तो परत नर्मदेत सोडण्यासाठी, त्याचं तोंड फाटू नये म्हणून एवढा खटाटोप. शिसं दोरीवर मोकळं सरकतं ठेवायचं, त्याखाली गाठ, मग वीतभर दोरी आणि शेवटी एकच गळ. मासा कणीक उचलून निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला ओझं कळत नाही. आई आतून ओरडतेय, "पोळ्यांची कणीक काहून नेऊन राहिले तुम्ही?" आणि तुम्ही कणकेत हळद कालवत हसताय. ग्वारीघाटावर लोक माशांना पिठाच्या गोळ्या टाकतात, तिथे मी एकदा गळ टाकला तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. "लोकांच्या हातचं खाते ते, अन् त्याले गळ लावतोस? लाज नाही वाटत बे?" चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

आता ऐका. माझ्या बदलीची फाईल ज्यांच्या टेबलावर पडून होती, ते साहेब म्हणाले, "आपके पिताजी तो उस्ताद थे. मेहमान आ रहे हैं, एक बडी महाशीर दिलवा दो, भैया." दोन वर्षं मी त्या सहीसाठी लाळ घोटत होतो. रविवारी सकाळी ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाला नाव लावली, तुमच्याच पद्धतीने गळ बांधला. दोन तास काही नाही. साहेब जांभया देऊ लागले. मग मी बाजारातले पाच काटेरी गळ एकत्र बांधले, लिंबाएवढ्या कणकेत दडवले आणि नाव घाटाकडे घ्यायला सांगितली. नावाडी म्हणाला, "बाबूजी, ये तो घाट की मछली है." मी म्हणालो, "तू चल." पाण्यात प्लास्टिक, कुजलेले हार, तेलाचा तवंग. त्यातून तो मासा निर्धास्त वर आला. एक गळ तोंडात, एक कल्ल्यात, एक डोळ्यात. साहेबांनी त्याच्यासोबत फोटो काढले, आणि मी त्याचं शेपूट धरून हसत उभा होतो. थू!

सही झाली. पुढच्या महिन्यात जबलपूर सोडतोय. हे पत्र तुमच्या डब्यातच ठेवीन, आणखी कुठे टाकणार? सगळ्यांना सांगितलंय की त्या दुपारी साहेबांकडे माझ्या घशाखाली घास उतरला नाही. बाबा, ते खोटं आहे. मासा फार चांगला झाला होता. मी दुसरा तुकडा मागून घेतला.