जिन्यावरून उतरणारी बाई

११ जानेवारी

दिग्दर्शक आज पुन्हा तेच — "श्रीमंती म्हणजे जिना! भला मोठा जिना, वरून बाई उतरते. संवाद मागाहून बघू." सहा सिनेमे झाले, मी त्यांचे संवाद लिहितेय. सहाही सिनेमांत पैसेवाला दुष्टच. स्वतः नवी कोरी गाडी घेतलीय, पण मुलाखतीला जाताना ती कोपऱ्यावर लावून पुढे चालत जातात!

ताईकडे पैसा आहे. जिना नाही. घरातल्या घरात लिफ्ट आहे.

१९ जानेवारी

बरं नाही केलं मी.

त्या श्रीमंत बाईचं एक वाक्य काही केल्या जमेना. चार दिवस कागद कोरा. शेवटी ताईचं वापरलं. मागे माझ्याकडे भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "हल्ली मी किंमतच विचारत नाही गं. म्हणून असेल, काही आवडतही नाही." ती गेल्यावर मी ते वहीत टिपून ठेवलं होतं. सख्ख्या बहिणीचं!

दिग्दर्शकांनी वाचून टेबलावर थाप मारली. "कुठून आणलंस हे?"

म्हटलं, सुचलं.

२० जानेवारी

मन खात होतं. म्हणून त्या बाईला एक बिनशब्दांचा प्रसंग देऊन टाकला. घरापाशी येते, गाडी बंद करते आणि आत जातच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहते. हा मात्र सगळा माझ्या मनचा.

४ सप्टेंबर

उद्या पहिला खेळ. ताई येणार! "माझ्या बहिणीचा सिनेमा" म्हणून साऱ्या मैत्रिणींना सांगून बसलीय. आई गेल्यापासून मला हक्काचं माणूस ती एकच. तिने वाक्य ओळखलं तर? बोलायची थांबली तर?

घास उतरला नाही.

५ सप्टेंबर

सुटले!!

वाक्य आलं तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. आणि ताई — खदखदून हसली! बाहेर आल्यावर माझा गालगुच्चा घेतला. "ठमे, ही तर डिट्टो माझी नणंद!" दिग्दर्शकांना म्हणाली, "जिना छान होता हो. पुसतं कोण रोज?" मला इतकं हसू आलं!

घरी येऊन दोनदा जेवले.

६ सप्टेंबर

कपाट आवरलं. उगाचच गुणगुणत.

८ सप्टेंबर

सकाळी ताईचा फोन.

"वाक्य माझं होतं, कळलं मला तिथेच. तुझं तोंड बघवेना, म्हणून नणंदेवर ढकललं."

मी काही बोलणार, तर म्हणाली, "ते जाऊ दे गं. पण ती गाडीत बसून राहते — ते तुला कोणी सांगितलं? मी तर ड्रायव्हरलाही नेत नाही तेव्हा."

मी विचारलं, "ताई, आत्ता कुठे आहेस?"

"तुझ्या बिल्डिंगखाली. अर्धा तास झाला."

फोन तसाच कानाला. तीन मजले अनवाणी उतरले.