शांत दिवस

१४ एप्रिल १९८६
नेमणूक पक्की झाली. सकाळी संस्थाप्रमुख अभोणकरसरांनी स्वतः मुंबईहून फोन करून सांगितलं. केंद्र नाशिकबाहेर सायखेड्याच्या रस्त्याला, द्राक्षबागांच्या मागे आहे. शहराच्या विजेची खरखर इथवर पोचत नाही. दोन खोल्या, गच्चीवर अँटेना, आणि चहा-झाडलोट बघणाऱ्या चंद्रभागाबाई. नाशकात द्वारकेच्या चौकात माझी ट्रंक टेम्पोतून पडली, तरी आनंदात फरक पडला नाही. पीएच.डी.नंतर असं काम कुणाला मिळतं? दक्षिण ध्रुवाजवळच्या आमच्या तळावरून आलेले कागदाचे रोल वाचायचे. मला तिकडे पाठवणार नाहीत, बायकांची सोय नाही म्हणे. नसू दे. ध्रुवच इथे आलाय.

१९ एप्रिल
तळावरचं आमचं यंत्र ताऱ्यांकडून येणारी रेडिओची मंद खरखर ऐकत असतं आणि पेन तिची रेघ ओढत राहतं. वरच्या हवेत खळबळ झाली की खरखर वाटेतच शोषली जाते, रेघ खाली येते. किती खाली आली हे कळायला महिन्यातला सर्वांत शांत दिवस निवडायचा आणि बाकीचे दिवस त्याच्याशी ताडून पाहायचे. सरांनी असंच शोधून काढलं, की ऑगस्टमध्ये तिथलं आकाश रोज जेवणानंतर चहापर्यंत मंदावतं. त्या शोधावर त्यांचं नाव झालं. मला त्याच्या पुढचं काम करायचंय.
इथे तसंच एक यंत्र मागच्या खोलीत आहे. चंद्रभागाबाई माठ तिथे ठेवतात आणि दुपारी तिथेच लवंडतात. म्हणाल्या, शिकलेल्या बाया घाम पुसत बसत्यात, ही खोली दुपारची लय गार हाय, या आत. खरंच गार आहे.

२ मे
मालेगावहून ताहेरा आली होती. तिचा भाऊ इसाक आधी यंत्रमागावर होता, मग तळावर तंत्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तिथल्या अँटेनाजवळ गोठून मेला. सर तेव्हा तळाचे प्रमुख होते; त्यांचा अहवाल सांगतो, तो न विचारता बाहेर गेला आणि वायरलेस जवळ असून त्याने मदत मागितली नाही. 'न विचारता' एवढं काढा, म्हणून ती दर महिन्याला एस.टी.ने येते. "मेरा भाई लूम छोडके पानी पीने को जाता तो भी पूछके जाता था, मॅडम." चंद्रभागाबाई हसल्या. ती हसली नाही.
सरांना फोन केला. म्हणाले, तुम्हाला रोल वाचायला ठेवलंय.

९ मे
सरांनी निवडलेला शांत दिवस शांत नाही! मूळ रोल उलगडला. जेवणानंतर रेघ वर उसळलीय, थांबून थांबून, थेट चहापर्यंत. अँटेनाला खेटून कुणी वायरलेसचं बटण दाबत राहिलं की असंच उमटतं. तारीख इसाकच्या मृत्यूची. तो हाका मारत होता. वायरलेसचं दुसरं टोक तळाच्या आत, सरांच्या टेबलावर. समासात सरांचं अक्षर: हवामान स्वच्छ, दिवस शांत.
त्या उसळीशी ताडल्यावर बाकीच्या सगळ्या दुपारी मंद दिसणारच. आकाशाला काहीच झालं नव्हतं. या माणसाने एका मरणाऱ्याच्या हाका वजा केल्या आणि उरलेल्याला शोध म्हटलं.
फोनवर सर म्हणाले, त्या वादळात दार उघडलं असतं तर सगळेच गेलो असतो. मग 'स्वच्छ' का लिहिलंत, विचारलं. तुमची नेमणूक माझ्या सहीची आहे, म्हणाले. रोल न्यायला स्वतः येणार आहेत.

१२ मे
माठ फुटला. आत बर्फ. बाहेर वैशाख. चंद्रभागाबाई आता त्या खोलीत जात नाहीत.
आणि पेन — इथलं, नाशिकचं — जेवणानंतर वर उसळतंय. थांबून थांबून. तीच रेघ.

१३ मे
कपाटात, तळावरून रोलांबरोबर आलेल्या सामानात, इसाकचा वायरलेस आहे. सेल नाहीत. तरी बोलला. दरवाजा खोलो. विनवणी नव्हे, संताप — माझ्याइतकाच.
पळावंसं वाटलं. पळाले नाही. बटण दाबून सांगितलं, ज्याने उघडलं नाही तो येतोय.
तेव्हा गप्प झाला.

१६ मे
सर आले. रोल घ्यायला मागच्या खोलीत गेले. दार लागलं — कडी मी लावलेली नाही —
आतून ठोकताहेत. चंद्रभागाबाई रडताहेत, उघडा बाई, माणूस हाय त्यो —
कडीला हात लावला. बोटं चिकटली, कातडं निघालं. पुन्हा लावला तर कदाचित —
इसाकही माणूसच होता.
पेन वर गेलंय. जेवण आत्ताच झालंय. चहापर्यंत चालेल. मग थांबेल. मग मी समासात लिहीन, हवामान स्वच्छ, दिवस शां—