उघडी भिंत

२ जानेवारी
अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नव्या इमारतीतील सत्तर फुटांची एक भिंत आमच्या आर्किटेक्ट सरांनी माझ्यावर सोपवली. माझे पहिले स्वतंत्र काम. गिलावा नाही, विटांची सांधणी, पाण्याचे पाइप, विजेच्या नळ्या, सारे उघडे. जाता-येता विद्यार्थी शिकतील. इमारत हेच पाठ्यपुस्तक! आई म्हणाली, "म्हणजे काम अर्धवटच ठेवणार?" दृष्टी सर्वांना नसते.

१७ जानेवारी
साइटवर मिस्त्रीकाकांना 'गिलावा करू नये' असे तोंडी सांगायचे ठरवले होते. त्यांनी विचारले, "ताई, भिंत बरी झालीय ना?" मी म्हटले, "छान." आशय पोचला असावा. शिवाय नकाशावर लिहिलेले आहेच. खालच्या कोपऱ्यात, बारीक पण सुवाच्य अक्षरांत.

५ फेब्रुवारी
वीस फुटांना गिलावा झाला. काका म्हणाले, "साहेब तुम्हालाच बोलतील, पोरीनं काम अर्धं टाकलं म्हणून. सुट्टीच्या दिवशी येऊन उरकलं. मजुरीचं नाव काढू नका." डोळ्यांत इतकी माया, की मी आभार मानले.
पन्नास फूट शिल्लक. शिक्षणाला पुरेसे आहेत.

६ फेब्रुवारी
वाक्य पाठ केले : 'काका, ही भिंत उघडीच राहू द्या.' आरशापुढे चौदा वेळा. निर्दोष. साइटवर काकांनी आधी माझ्या सर्दीची चौकशी केली. ओघ तुटला.

२० फेब्रुवारी
बारा फूट शिल्लक. मोजक्या जागेत आशय अधिक घट्ट होतो.

१ मार्च
शून्य फूट. भिंत लोण्यासारखी गुळगुळीत. सर म्हणाले, "तू सांगितलं नाहीस?" मी नकाशाचा कोपरा दाखवला. "नकाशा बोलत नाही गं. तू बोलायचं होतंस."
उपाय सुचला आहे. भिंतीच्या आत काय आहे, ते दाखवणारा मोठा रंगीत फलक, त्याच भिंतीवर. खरे तर हेच अधिक सुबोध.

१२ मार्च, सकाळी ११
फलक टांगण्यासाठी शिपायाने ड्रिल चालवले, ते थेट पाइपात. फलकावर तो पाइप मी निळ्या रंगाने नेमका तिथेच दाखवला आहे. कारंजे. दुरुस्तीसाठी चार फूट भिंत फोडावी लागली.

११.४०
विद्यार्थी जमले आहेत! विटा, पाइप, नळ्या, सारे दिसते आहे. दोघे वहीत आकृती काढत आहेत. एका मुलीने शिपायाला विचारले, "हा पाइप इथं का वळवलाय?" तो म्हणाला, "मला काय विचारता, मी फक्त भोक पाडलं." उत्तर मला येते. मी खांबामागे आहे. ती गेली की पुढे होईन.

१२.१५
मिस्त्रीकाका धापा टाकत आले. "ताई, घाबरू नका. तासाभरात कुणाला पत्ता लागणार नाही." वाक्य पाठ होते. अगदी ओठांवर आले होते.

१.३०
गिलावा उत्तम झाला. घमेले मीच धरले होते.