सागरमातेची होडी आणि बाळंतीण

प्रिय धाकटे झोइला,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या नवऱ्याचा दमा आणि तुमचा तो चावरा पोपट, सगळं ठीक असेल असं धरून चालते. नसेल तर वेगळं पत्र लिही, याच्या उत्तरात रडगाणं घालू नकोस. मी धडधाकट आहे. दात कमी झालेत, जीभ आहे तेवढीच आहे.

तर ऐक. यंदा सागरमातेची मूर्ती खाडीतून फिरवायचा मान चिठ्ठीत आपल्या होडीला लागला. बाबा जन्मभर वाट बघत गेले, त्यांचं नाव कधी निघालं नाही. माझ्या विल्मरने होडी वाळूवर ओढली, निळा रंग दिला, मातेला ऊन लागू नये म्हणून वर कापडाचं छत बांधलं. इथवर पोरगं शहाणं. पण रंग मारताना त्याने, जनावर वर चढू नये म्हणून असते ती मागची खिळ्यांची फळी काढली आणि परत लावायला विसरला. (आपल्या बेटावर दारुडासुद्धा ती फळी लावल्याशिवाय झोपत नाही, आणि हा म्हणतो, “आई, एका रात्रीत काय होतंय?”) काय होतंय ते सकाळी दिसलं. एक समुद्रसिंहीण होडीत चढून बाळंत झाली होती, आणि तीही नेमकी मूर्ती बसवायच्या फळीवर. वार तिथेच पडलेली, वर पक्षी घिरट्या घालतायत, आणि ही बया माझ्याकडे अशी बघतेय जणू मीच तिच्या घरात शिरले.

विल्मरने वल्हं उचललं, तेवढ्यात उद्यानखात्यातली यादिरा धावत आली. (शिकलेली आहे, पण पोरगी चांगली आहे.) “आजी, दोन मीटर लांब! हात लावायचा नाही, हाकलायचं नाही, खायला घालायचं नाही.” आई पिल्लाला वासावरून आणि आवाजावरून ओळखते म्हणे, माणसाचा वास लागला तर टाकूनही देईल. मुळात ही जनावरं कमी होत चाललीत. पाणी तापलं की मासे निघून जातात, आया रिकाम्या आचळांनी परततात आणि पिल्लं वाळूवर वाळून जातात. ते तिने मला सांगायला नको. तसलं वर्ष मी पाहिलंय. त्या वर्षी आम्हीही नुसती उकडलेली केळी खाल्ली.

मी विचारलं, ही हलणार कधी? तर म्हणे आठवडाभर पिल्लाला सोडणार नाही, मग मासे मारायला जाईल आणि परत इथेच येईल. दूध पाजते वर्ष, दोन वर्षं, कधी तीनसुद्धा. मी विल्मरकडे बघितलं. चाळिशी उलटली, अजून माझ्याच पातेल्यात डोकावतो. दुपारी तिचं आधीचं, घोडं झालेलं पिल्लूही आलं, चांगल्या मिशा फुटलेलं, आणि धाकट्याला ढकलून प्यायला लागलं. बाप कुठेय म्हणशील तर किनाऱ्यावर. दिवसभर बोंबलत फिरतो, खात नाही, येईल त्याच्याशी भांडतो, शेवटी कोणीतरी दांडगा येऊन त्याला बडवून काढतो. मला आमच्या ह्यांची आठवण झाली. देव त्यांना शांती देवो, आम्हाला तर दिलीच आहे.

मग देवळाच्या पंचांनी ठरवलं की रविवार सकाळपर्यंत होडी रिकामी झाली नाही तर मान शेजारच्या एलेउतेरिओला. त्याने लगेच होडी घासली, मूर्तीचा झगा अडकू नये म्हणून खिळ्यांची फळी काढली, छत बांधलं, कागदाची फुलं लावली. वर माझ्या अंगणात येऊन म्हणतो, “एर्मेलिंदाबाई, वाईट वाटून घेऊ नका. मातेची मर्जी!” मी म्हटलं, “मातेची मर्जी तुम्हाला कधीपासून कळायला लागली? प्रार्थनेला तर बायको गेल्यापासून फिरकला नाहीत.” गडी हसला. लाज नाहीच.

मी स्टूल टाकून, दोन मीटर सोडून, शेंगा सोलत बसले. बसून बघितलं की काहीतरी दिसतंच. छताच्या कडेने ऊन आत आलं की ती पिल्लाची मान दातात धरून त्याला सावलीत सरकवायची. म्हणजे बयेला होडी नको होती, सावली हवी होती. शनिवारी भर दुपारी मी दोऱ्या सोडून छत काढून घेतलं. यादिरा ओरडत आली, “आजी, हे काय करताय?” म्हटलं, “माझं कापड आहे, धुवायचंय. तिच्या डोक्यावर छत्री धरायची असं तुझ्या कोणत्या कायद्यात आहे?” पोरगी माझ्याच शेजारी उभी राहून बघायला लागली. बाईसाहेबांनी पिल्लू उचललं, होडीच्या कडेवरून उतरल्या, मधे येणाऱ्या थोरल्याला एक चावा घेतला आणि थेट एलेउतेरिओच्या कागदी फुलांखाली जाऊन पसरल्या.

आम्ही होडी साबणाने घासली, मिठाने घासली. वास हटला नाही. पण रविवारी सागरमाता आपल्याच होडीतून फिरली गं! पाद्रीबाबांनी पूर्ण फेरी रुमाल नाकाला लावला होता; किनाऱ्यावरच्यांना वाटलं, भक्तीने रडतायत. मी पुढच्या टोकाला बसले होते. आपले बाबा असते तर म्हणाले असते, रंग पातळ लावलाय.

तुझी थोरली,
एर्मेलिंदा

ता. क. एलेउतेरिओची होडी अडकलीय, यादिराने भोवती दोर बांधलाय. मासेमारी बंद, म्हणून तो रोज माझ्याकडे जेवतो. (कापड माझं होतं, नाही कसं म्हणणार?) दाराची बिजागरी बसवून दिली. मिठाला नावं ठेवत नाही.

आणखी एक. मावशीच्या मातीला म्हणून तू माझं मोत्यांच्या बटणांचं हिरवं पोलकं नेलंस, ते पहिल्या बोटीने पाठव. कशाला ते विचारू नकोस. आणि उशीर करू नकोस, कारण यादिरा म्हणते पिल्लू पोहायला लागलंय, होडी आता कधीही रिकामी होईल.