बदली माणूस

नंदाखाल,
७ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
शकूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कानाचं यंत्र तू पुन्हा काढून ठेवलं आहेस, हे मला कळलंय. कालपासून फोन वाजतोय आणि तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. घाईचं आहे, चहा बाजूला ठेवून वाच.

काल विरारला स्वप्नाबाईंकडे फुलं द्यायला गेले होते. त्यांचा सिद्धेश आपल्या हरेशच्याच जहाजावर ऑफिसर आहे, हे तुला सांगितलं होतं. तर दार सिद्धेशनेच उघडलं. मला वाटलं, जहाज मुंबईला लागलं आणि आमचा साहेब आईला न सांगता मित्रांबरोबर हिंडतोय. मी हसत हसत हरेशची चौकशी केली, तर तो आईकडे बघायला लागला. मग स्वप्नाबाईंनी दारातच सगळं सांगितलं. जहाज आता लाल समुद्रातून जाणार आहे. तिकडच्या लढाईत येत्या-जात्या जहाजांवर ड्रोन पडतात. कंपनीने सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले, जायला तयार की नाही. सिद्धेशने नाही लिहिलं आणि तो उतरून घरी आला. हरेशने तयार लिहिलं.

मला त्याने नेहमीचीच वाट आहे असं सांगितलं होतं. काल रात्री फोनवर खडसावून विचारलं तेव्हा कबूल केलं. म्हणतो, ऑफिसरने नाही म्हटलं तर कंपनी त्याला दुसरं जहाज देते. मेसमनने नाही म्हटलं तर एजंटच्या यादीतून त्याचं नाव जातं. ताटं वाढायला आणि भांडी घासायला त्यांना शंभर माणसं मिळतात.

त्या एजंटच्या ऑफिसात तुझा परेश आहे ना, तुझ्या पडवीत बसून अभ्यास करायचा तो? त्याला लिही. तुझा शब्द तो खाली पडू देणार नाही. हरेशचे बाबा गेल्यापासून मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आज मागते. माझा मुलगा मला परत आणून दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
शकू


जव्हार,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. शकूस,
अ. उ. आ.

यंत्र उशाखाली आहे. ते कानात घातलं की मला फक्त घरातला पंखा ऐकू येतो. तुझी वहिनी गेल्यावर ऐकण्यासारखं दुसरं काही घरात उरलेलं नाही, मग कशाला कान भरून ठेवायचे?

परेशला पत्र लिहिलं. चांगलं तीन पानी. जन्मभर मी अर्ध्या तालुक्याला दाखले दिले, की मी यास ओळखतो, याचे वर्तन चांगले आहे. आपल्या घरच्यासाठी कधी शब्द टाकला नाही. या वेळी टाकला. पत्र जाणाऱ्या माणसाच्या हाती दिलं, म्हणून लवकर पोचलं, आणि परेशचं उत्तर फोनवर लेखी आलं. त्याने लिहिलंय, सर, तुमचा शब्द मोडणार नाही, बदली माणूस मिळाला की हरेशला दुबईजवळच्या फुजैरा बंदरात उतरवून घेतो. बदली मिळायला अडचण नाही, ऑफिसबाहेर रोज मुलं बसलेली असतात.

तेव्हा आता रडणं पुरे. मला तर इतका अभिमान वाटला की तो मेसेज मी किराणावाल्यालाही वाचून दाखवला.

हरेश आला की त्याला चार दिवस इकडे पाठव. माझ्याशी मोठ्याने बोलायला कोणीतरी हवं आहे.

तुझ्यावर जीव असलेला,
जयरामदादा


नंदाखाल,
२१ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवासमोर ठेवलंय. काल परेशचा निरोप आला. बदली माणूस मिळाला, हरेश सोमवारी घरी येतो. मी अंगणात एकटीच हसले. शेजारच्या इझाबेलने पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणाली असती.

पण आज सकाळी इझाबेलचा एरॉलच धावत आला. तुला आठवत असेल, हरेशने आणि त्याने कोर्स बरोबर केला. हरेशला जहाज मिळालं, हा दोन वर्षं रोज बेलापूरला जाऊन एजंटच्या ऑफिसबाहेर बसत होता. आता त्याला बोलावणं आलं, मेसमन म्हणून. शनिवारी विमान, फुजैराला. मी जहाजाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं.

मी केळीची पानं कापत होते. कापतच राहिले.

इझाबेलला काही माहीत नाही. तो फॉर्मबिर्म घरी दाखवेल असा मुलगा नाही. तिला वाटतं, देवाने एकाच आठवड्यात दोन्ही पोरांचं भलं केलं. रविवारी चर्चमध्ये तिने दोघांच्या नावाने मिस्सा सांगितली आहे. हरेश समुद्रावर असताना दर शुक्रवारी ती त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची, हेही तुला सांगते. दुपारी एरॉलची बॅग भरायला तिने मला बोलावलं. मी गेले. त्याच्या शर्टांच्या घड्या घातल्या.

दादा, मी सांगितलं तर इझाबेल त्याला सोडणार नाही. तो गेला नाही तर हरेश उतरणार नाही. काय करू ते तू सांग, तू म्हणशील तसं करीन. इथे विचारावं असं मला कोणी नाही, जी होती तिच्यापासूनच लपवायचं आहे.

मला दूर लोटू नकोस, एवढंच.

तुझी,
शकू


जव्हार,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. शकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. ताबडतोब जाऊन तिला सांग, असं लिहायला बसलो. एक ओळ लिहिलीही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. एरॉलचं विमान परवाच गेलं.

शकू, नंदाखालहून बुधवारी टाकलेलं पत्र शनिवारच्या आत जव्हारला येत नाही. वर्षानुवर्षं आपण पत्रं लिहितोय, तुला हे माझ्याइतकंच माहीत आहे. तुला मेसेज लिहिता येत नसला, तरी किराणावाल्याचा फोन नंबर तुझ्याकडे आहे. त्याने पाटीवर लिहून मला दाखवलं असतं. पण तू पत्र टाकलंस.

मी रागावत नाही. रागवायला मी तरी कुठे मोकळा आहे? बदली माणूस म्हणजे कोणाचा तरी मुलगा, हे मला तो मेसेज वाचताना सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी दोनदा वाचून खूशच झालो असतो.

लाल समुद्रातून रोज कितीतरी जहाजं सुखरूप जातात, असं पेपरात आहे. ते कात्रण सोबत पाठवतोय. हरेशला पोटभर जेवू घाल.

जयरामदादा


नंदाखाल,
२० मार्च २०२४

ती. दादास,
नमस्कार.

मागच्या मंगळवारी त्या जहाजावर ड्रोन पडला. बाकीचे सगळे सुटकेच्या बोटीतून उतरले. एरॉल खाली मेसमध्ये दुपारची ताटं लावत होता. तो गेला.

टीव्हीवर एक ओळ आली, एक भारतीय खलाशी मृत्युमुखी. नाव नाही. लगेच पेट्रोल महागणार का, यावर चार माणसं भांडायला बसली.

हरेश इझाबेलकडेच असतो. ती त्याला रोज तेच विचारते. बिछाना कुठे होता, खिडकी होती का, जेवणात मासे असायचे का. हा सगळं सांगतो. फुजैराला मेसच्या किल्ल्या यानेच एरॉलच्या हातात दिल्या होत्या. फॉर्म वाचला होतास का, असंही विचारलं होतं. एरॉल म्हणाला, वाचला, पण दोन वर्षं घरी बसलेल्याने नाही कोणत्या तोंडाने लिहायचं? इझाबेल हरेशच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, निदान तू तरी आलास. हे ऐकून तो घरी येतो आणि न जेवता पडून राहतो. त्याला तुझ्या पत्राचं ठाऊक आहे. मला आधी कळलं होतं, हे ठाऊक नाही.

स्वप्नाबाईंनी बारा वर्षांत पहिल्यांदा मला आत नेऊन सोफ्यावर बसवलं. माझा हात धरून म्हणाल्या, आपली मुलं वाचली हो. आपली म्हणाल्या. मी पाणीही न घेता उठून आले.

दादा, ही गोष्ट पोटात घेऊन मला राहवत नाही. मी तिला सांगणार आहे. या वेळी तुला विचारत नाही.

शकू


नंदाखाल,
७ एप्रिल २०२४

ती. दादास,
नमस्कार.

एरॉलची पेटी ईस्टर झाल्यावर आली. उघडू देत नव्हते. चर्च भरून माणसं होती. स्वप्नाबाईंनी पुष्पचक्र पाठवलं होतं, मोठं.

काल इझाबेलला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी खाली बसले आणि पहिल्यापासून सांगितलं, तुझं पत्र, परेश, शर्टांच्या घड्या, सगळं. वाटलं, सूप अंगावर फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. ती शिव्यासुद्धा देईना. हातातला खडा बाजूला टाकत म्हणाली, माझाही मुलगा बोटीवर असता आणि भाऊ मास्तर असता, तर मीही हेच केलं असतं.

मग तिने एकच विचारलं. त्या बुधवारी मी तिला सांगितलं असतं, तर ती माझ्या दारात आली असती. एरॉलसाठीही एक पत्र लिहा म्हणून तुझ्या पाया पडली असती. तू लिहिलं असतंस का?

मी हो म्हणणार होते. त्याऐवजी मीही सुपातले खडे वेचायला लागले. ती म्हणाली, भावाला विचार, आणि त्याने मला स्वतः कळवावं.

आमच्या दोन्ही वाड्यांच्या पाण्याचं तळं, ते बावखल, एकच. मी झाडांना पाणी सोडायला गेले की आता ती घरात जाते. मी आत आले की ती बाहेर येते. हरेशला मात्र अजून जेवायला बोलावते.

तिला लिही.

शकू


जव्हार,
१२ एप्रिल २०२४

श्रीमती इझाबेल यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख फारशी नाही. हरेशच्या बारशाला तुम्ही लहानग्या एरॉलला कडेवर घेऊन आला होतात, तेवढं आठवतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तीनदा लिहून फाडलं. तिन्ही वेळा हो लिहिलं होतं. वळणदार अक्षरात ते फार खरं दिसत होतं.

नसतं लिहिलं. तुम्हाला धीराचं पत्र पाठवलं असतं. परेशला लिहिलं नसतं. पाठोपाठ दुसऱ्यासाठी शब्द टाकला तर पहिल्याची किंमत जाईल, एवढा व्यवहार मला कळतो. हरेश आधी उतरू दे, मग बघू, असं म्हणून मी गप्प बसलो असतो.

आणि समजा लिहिलं असतं आणि एरॉल राहिला असता, तरी त्या ताटांपाशी कोणीतरी उभा असताच. त्याची आई कोणत्या गावची, हे आपल्याला कधी कळलं नसतं. मी समाधानाने जेवलो असतो आणि किराणावाल्याला मेसेज वाचून दाखवला असता. हे मला या वयात स्वतःबद्दल कळलं.

शकूला क्षमा करा असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. ती तुमच्याशिवाय तिथे एकटी आहे, एवढं कळवतो. तुम्ही तिच्याहून एकट्या आहात, हेही जाणतो.

उत्तराची अपेक्षा नाही, असं शेवटी लिहिणार होतो. पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. मी वाट पाहतो.

आपला,
जयराम